पाठ कुणी बघायची?

कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या मोटारीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा वामनराव गेल्याचं कळलं. सांगणारा भोरातलाच एक कापडवाला, तोंडओळखीचा. त्याने आधी यंदाच्या भाताची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्यांची, आणि मोटार वळणावर दिसली तसं उठता उठता म्हणाला, "अहो, तुमचे ते देवी डॉक्टर गेले काल. झोपेतच गेले. पुण्यवान माणूस." मोटारीत तो माझ्याशेजारीच बसला आणि भोर येईपर्यंत वामनरावांचं पुण्य मला सांगत राहिला. मी बाहेर बघत होतो. हाच माणूस दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या दुकानाच्या फळीवर बसून त्यांच्याविषयी काय काय बोलायचा ते मला पाठ होतं. त्याला तिथल्या तिथे ऐकवावं असं फार वाटलं. पण ऐकवायला माझं तरी तोंड कुठे होतं?

आठवड्याने वाचनालयात शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसा प्रकार. वामनराव म्हणजे गावोगाव फिरून पोरांना देवीची लस टोचणारे साधे नोकर. डॉक्टर नव्हते, पण खेड्यातली माणसं त्यांना देवी डॉक्टरच म्हणत. किती पोरं त्यांनी जगवली, किती मैल चालले, पावसात कसे नद्या ओलांडायचे, सगळं सांगून झालं. वेल्ह्याकडच्या एका गावचे पाटील एवढ्या लांबून हार घेऊन आले होते. त्यांनी तसबिरीला हार घातला आणि उपरण्याने डोळे टिपले. ते बघून मला शिसारी आली. मी तिसऱ्या रांगेत होतो. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं, तर घसा बसलाय म्हणालो. घसा ठणठणीत होता. त्या दिवशी गिळलं ते आता लिहितो आहे, वरातीमागून घोडं का होईना.

वामनरावांची काम करायची एक तऱ्हा होती. लस टोचणारा आला की खेड्यात पळापळ व्हायची. आया पोरं कणगीआड लपवायच्या, देवी कोपेल म्हणून म्हाताऱ्या शिव्या मोजायच्या. हे देवळाच्या ओट्यावर बसून राहायचे. घाई नाही, दरडावणं नाही. दुपारपर्यंत एखादी धीट बाई पोर घेऊन पुढे यायची आणि मग एकेक करून सगळ्याजणी. टोचायला दंडावर चार बोटं जागा पुरते, पण ते पोराचं अंगडं पुरतं काढायला लावायचे आणि तळव्यापासून टाळूपर्यंत पोर बघायचे. खरूज असली तर गंधकाचं मलम द्यायचे, पोट सुटलेलं असलं तर आईला बाजूला घेऊन विचारायचे. तुम्ही देवी टोचता का बैल पारखता, म्हणून मी एकदा त्यांना चिडवलं. तर म्हणाले, "बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, शेपूट ओढून बघतो. पोराचं कोण बघतं, अण्णा?" मी हसलो. तेव्हा मी भोर संस्थानच्या कचेरीत कारकून होतो, आणि कारकुनाला सगळ्याच गोष्टींचं हसू येतं.

हार घेऊन आलेल्या त्या पाटलांचं गाव तोरण्याच्या पायथ्याकडचं; नाव मी लिहीत नाही. तिथे पाटलांचे चुलतभाऊ म्हादबा यांचं मोठं खटलं होतं. गोठा भरलेला, भाताची खाचरं नदीपर्यंत. त्यांनी थोरल्या मुलाला गोजरा नावाची नऊ वर्षांची मुलगी करून आणली होती. मुलीचे आईबाप तापात गेलेले. माहेर म्हणावं तर पासलीला एक मामा, तोही हातावर पोट असलेला. एवढी लहान सून माहेरीच ठेवायची रीत, पण हिला ठेवणार कोण, म्हणून लग्न झालं तशी ती कामाला जुंपली गेली. वामनराव त्या गावी गेले तेव्हा घरात नवी आलेली पोर दाखवा म्हणाले. सासूने सांगितलं, तिच्या देवी काढून झाल्यात. हे म्हणाले, मग वण दाखवा. मुलीने बाही वर केली. ते वण वामनरावांच्याच हातचे होते. पासलीला, आईच्या मांडीवर बसवून त्यांनीच ही पोर टोचली होती, हे त्यांना आठवलं. आईने पोर दांडगी रडते म्हणून तोंडात गूळ घातला होता, तेसुद्धा आठवलं.

त्या दांडग्या पोरीचं आता कातडं आणि हाडं राहिली होती. मनगटावर गोल डाग होता. सासू म्हणाली, "कावीळ झाल्ती. डाग दिलाय." आमच्याकडे कावीळ झाली की मनगटावर तापल्या लोखंडाचा डाग देतात, त्यात नवल काही नाही. पण मुलगी घरात जायला वळली तेव्हा तिची चोळी पाठीला चिकटलेली वामनरावांना दिसली. फाटक्या जागेतून आतलं दिसत होतं. उलथण्याच्या पात्याएवढे रुंद डाग, एकाखाली एक. एक काळा पडलेला, एक लाल, आणि एक अजून ओला… त्यावर माशा बसत होत्या. वामनरावांनी हाक मारली तर सासूने पोरीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ते धुळीने भरलेल्या पायांनी थेट कचेरीत माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी त्यांना शहाणपण शिकवलं. म्हटलं, तुमचं काम सुईचं, तुम्ही सासवा-सुनांच्या भानगडीत कशाला पडता? घरोघरी मातीच्या चुली. आणि डाग तर औषधाचा आहे. त्यावर ते म्हणाले, "औषधाचा डाग एकदा देतात, अण्णा. कावीळ काय दर आठवड्याला होते? आणि पाठीवर?" मग त्यांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. साहेबांनी त्यावर 'समक्ष चौकशी करून अहवाल द्यावा' असा शेरा मारून तो माझ्याकडेच पाठवला. वामनरावांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, आधी वर्दी देऊ नका. दुसरी, मनगट बघू नका, पाठ बघा. तुम्हाला बघता येणार नाही, म्हणून वेल्ह्याच्या सुईणीला बरोबर न्या. ती यायला कबूल आहे, मी विचारून आलोय.

मी दोन्हीतली एकही ऐकली नाही. कचेरीचा माणूस गावाला जायचा तर चार दिवस आधी पाटलाला हुकूम जायचा, की अमुक कारकून अमुक कामासाठी येत आहेत, उतरण्याची आणि जेवणाची सोय ठेवावी. कामही त्यात लिहिलेलं असायचं. रिवाजच तसा होता आणि रिवाज मोडावा असं मला वाटलं नाही. वर्दी दिली नाही तर उतरायचं कुठे, जेवायचं कुठे? ज्याची चौकशी करायची त्याला आधी कळवून जायचं, यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि सुईणीचं म्हणाल तर पागोटं घातलेला कारकून पुढे आणि सुईण मागे, अशी वरात गावात शिरली तर लोक हसतील, एवढंच माझ्या मनात आलं. एका पोरीच्या पाठीपेक्षा मला माझ्या पागोट्याची काळजी जास्त होती.

पाटलांच्या घरी आजारपण होतं, म्हणून त्यांनी माझी सोय चुलतभावाकडे केली. म्हणजे म्हादबांच्याच घरी. खुलासा करतो: ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच ओसरीवर मी उतरलो आणि त्यांच्याच घरी जेवलो. आंबेमोहोर होता. भाताचा वास अंगणापर्यंत येत होता, वर साजूक तूप. वाढायला तीच पोर होती. न्हाऊमाखू घातलेली, केसांना तेल, नवंकोरं लुगडं, मनगटापर्यंत बाह्यांची चोळी. भात वाढताना ती कमरेत वाकत नव्हती. गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून खाली बसायची आणि तशीच उठायची. मी ते पाहिलं. पोर लाजते आहे असं मला वाटलं, आणि मी आणखी भात मागून घेतला.

मग चावडीवर चौकशी झाली. पंच म्हणून पाटील, म्हादबांचा लेकीकडचा व्याही आणि गावातले आणखी दोघे. कुंपणच शेत खाणारं, पण पंच म्हटले की तेच असायचे. मुलीला मधोमध उभं केलं. दहा-बारा बाप्ये भोवती, सासू खांबाशी पदर तोंडाला लावून. मी विचारलं, "तुला कुणी मारतं का?" ती म्हणाली, "न्हाई." डाग कशाचा म्हणून विचारलं. ती म्हणाली, "कावीळ झाल्ती." पोटभर जेवतेस का? "व्हय." तिन्ही उत्तरं एका सुरात, जमिनीकडे बघत. मी मनगट पाहिलं. माझ्याही मनगटावर लहानपणचा तसाच डाग आहे, आईने दिलेला. तो मी पंचांना दाखवला, सगळे हसले, आणि त्या हसण्यात चौकशी संपली. 'तक्रारीत तथ्य नाही. कावीळ झाल्याने घरच्यांनी उपचारादाखल डाग दिल्याचे दिसते. मुलगी सुखरूप आहे.' हे अक्षर माझं. खाली पंचांचे अंगठे.

वामनरावांना कचेरीतून समज मिळाली, की आपल्या खात्यापुरतं काम करावं. ती समजही मीच लिहिली. गावात त्याहून वाईट झालं. देवी डाक्तर सुनांच्या चोळ्यांत डोकावतो, अशी आवई पाटलांनी उठवली आणि ती नदीच्या पाण्यासारखी खाली भोरपर्यंत आली. वर सांगितलेला कापडवाला तीच चघळायचा. दोन वर्षं त्या भागातल्या आया त्यांच्यापुढे पोरं आणत नव्हत्या. त्या दोन वर्षांत देवी येऊन जी पोरं गेली, त्यांचा दोष कुणी कुणाला दिला नाही. अहवाल पाठवल्यावर वामनराव मला भेटायला आले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "पाठ बघितलीत?" मी नियम, रिवाज, पंच असं काहीबाही बोलत राहिलो. ते ऐकून घेऊन पुन्हा म्हणाले, "ते असू द्या. पाठ बघितलीत का?" मी नाही म्हणालो. तसे ते उठून गेले.

पुढचं मला नंतर कळलं. ते पासलीला मामाकडे गेले. मामा गयावया करायला लागला. पोर दिली ती दिली, आता ती त्यांची, पाटलाशी वैर घेऊन आम्ही राहायचं कुठं, म्हणाला. मामी चुलीपाशी ऐकत होती. ती बाहेर आली. "म्हंजी मेल्यावर आणायची व्हय? मंग खांद्यावर आणाल का पाटीत?" नागपंचमी आठ दिवसांवर होती. पंचमीला माहेरहून मुराळी, म्हणजे न्यायला येणारा माणूस, आला की सुनेला धाडावीच लागते. मुराळी रिकामा परत पाठवला तर गावभर छी-थू होते. वामनरावांनी मामाला मुराळी म्हणून जायला तयार केलं, आणि मग ते माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. पागोटं घालून नुसते त्याच्या शेजारी उभे राहा." मी गेलो. पश्चात्ताप झाला होता म्हणून गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. खरं तर त्यांना दुसऱ्यांदा नाही म्हणायची लाज वाटली म्हणून गेलो.

म्हादबांच्या अंगणात मामा पाय ओढत येऊन उभा राहिला. सासू म्हणाली, पोरगी आजारी हाय, फुडल्या साली न्या. मामा वळायलाच लागला होता, तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या पागोट्याकडे गेलं. सरकारी माणूस पुन्हा कशाला आलाय ते तिला कळेना, आणि मी सांगितलं नाही. अर्ध्या घटकेत गोजरा बाहेर आली, नेसत्या वस्त्रानिशी. पासलीला पोचल्यावर मामीने तिला पाण्यावर घेतलं. चोळी निघत नव्हती, कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवावी लागली. मग मामीने मला आत बोलावलं आणि म्हणाली, "आता बगा. लिवा की." मी ती पाठ पाहिली. काय दिसलं ते लिहिणार नाही… पण तिच्या चोळीला जो वास होता, तो आंबेमोहोर शिजताना मला अजून येतो. तो तांदूळ मी तेव्हापासून खात नाही, आणि न खाल्ल्याने कुणाचं काही भलं झालेलं नाही.

गोजरा परत गेली नाही. निरोप आले, धमक्या आल्या, मामी पुरून उरली. गोष्ट इथे संपली असती तर मीही शोकसभेत चार शब्द बोललो असतो. पण माझा अहवाल दप्तरात होता तसाच होता. वामनराव म्हणाले, आता पाठ बघितलीत, तेव्हा कागद बदला. मी बघू म्हणालो. अव्वल कारकुनाची जागा रिकामी होणार होती, आणि आपलीच चौकशी चुकली असं लिहून देणाऱ्याला ती कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. पोर सुटली ना, मग जुने कागद कशाला उकरायचे, असं मी स्वतःला समजावलं. जागा मला मिळाली. आणि म्हादबांनी त्याच मुलाला दुसरी बायको केली. आठ वर्षांची, नाव तानी. मुलीकडच्यांनी चौकशी केली तेव्हा पाटलांनी माझ्या अहवालाची नक्कल दाखवली. कचेरीने तपास केलाय, तथ्य नाही.

लस टोचणाऱ्याला दर वर्षी पाटलाच्या जन्ममृत्यूच्या वहीशी आपली यादी ताडून बघावी लागते. त्या ताडणीत वामनरावांना ती ओळ दिसली. तानी, वय नऊ, कावीळ. तिला त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. गावात त्यांना कुणी उभं करत नव्हतं. त्यांनी ती ओळ उतरवून घेतली, चालत भोरला आले आणि माझ्या टेबलावर कागद ठेवला. मी वाचलं. खाली बघत राहिलो. मान वर केली तेव्हा ते गेले होते.

त्यानंतर दर श्रावणात त्यांचा एक अर्ज यायचा. तानीच्या मृत्यूची आणि आधीच्या तक्रारीची फेरचौकशी व्हावी, मी साक्ष द्यायला तयार आहे. मजकूर तोच, अक्षर तेच. टपाल माझ्याच हाती यायचं. मी त्यावर 'दप्तरी दाखल' असं लिहून तो गठ्ठ्यात बांधायचो. पहिल्या वर्षी भीतीने, मग सवयीने. ते नोकरीतून सुटले तरी अर्ज येत राहिला. रस्त्यात भेटले तर नमस्कार करायचे, माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करायचे. अर्जाचा शब्द कधी काढला नाही. मला वाटायचं, एकदा तरी या माणसाने चारचौघांत माझी अब्रू काढावी. त्यांनी ती मेहरबानी केली नाही.

मग संस्थान गेलं, मीही घरी बसलो. शोकसभेनंतर वहिनींनी, म्हणजे वामनरावांच्या पत्नीने, मला घरी बोलावलं. खिडकीशी वामनरावांची लिहायची बैठी पेटी होती, तिच्यावर यंदाचा अर्ज. अर्धा लिहून झालेला, अक्षर कापरं. तानीच्या वयापाशी थांबलेला. वहिनींनी विचारलं, "भावजी, कचेरी तर बदलली. हा आता कुणाकडे द्यायचा?" मी देतो म्हणालो. घरी आणून राहिलेला मजकूर माझ्या अक्षरात पुरा केला. मजकूर शोधावा लागला नाही. इतकी वर्षं तोच वाचत होतो.

काल नव्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला, दोन अक्षरं दिसतात म्हणून पुन्हा वाचला. म्हणाला, अर्जदार तर वारले. मी म्हटलं, खाली दुसरी सही आहे ती माझी. तुमचा या प्रकरणाशी काय संबंध, त्याने विचारलं. नात्यातले का?

"नाही," मी म्हणालो. "पहिली चौकशी मी केली होती. तेव्हा पाठ बघितली नव्हती."

त्याने माझ्याकडे बघितलं. समोर खुर्ची रिकामी होती, पण त्याने बसा म्हटलं नाही. मी उभाच राहिलो.